रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी एकच गाडी असेल, तर टायर कोणत्या बाजूने निवडावेत?

नेकारकाठी

मी श्टुटगार्टजवळ राहतो. माझ्याकडे तीन वर्षांपासून एक वापरलेली पोर्शे ७१८ केमन आहे. शनिवार-रविवारी श्वार्त्सवाल्डमधले वळणावळणाचे रस्ते आणि वर्षातून चार-पाच वेळा नूरबुर्गरिंग किंवा हॉकेनहाइमचा रेसिंग ट्रॅक, एवढाच तिचा वापर. दोन वर्षे मी रस्त्याचे चांगले स्पोर्ट टायर वापरले, गेल्या वर्षी सेमी-स्लिक (कमी खाचांचे, मुख्यतः ट्रॅकसाठीचे टायर) घातले आणि आता पुन्हा टायर बदलायची वेळ आली आहे. या निमित्ताने माझे एक मत मांडतो, ते खोडून काढायला सर्वांना मोकळीक आहे.

माझे म्हणणे असे की, जो माणूस गाडी स्वतः चालवत ट्रॅकवर नेतो आणि त्याच चाकांवर घरी परततो, त्याने टायर परतीच्या रस्त्याचा विचार करून निवडावेत. ट्रॅकवर त्यामुळे काही सेकंद जातील, ते जाऊ द्यावेत.

गेल्या ऑक्टोबरमध्ये नूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या लांब ट्रॅकवर सहा फेऱ्या मारून मी संध्याकाळी ए६१ महामार्गाने परत निघालो होतो. तिथल्या आयफेल डोंगराळ भागाचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, २०.८३२ किलोमीटरच्या त्या एका फेरीतसुद्धा अर्धा ट्रॅक कोरडा आणि अर्धा ओला असू शकतो. महामार्गावर अवजड ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये पाणी साचले होते. साधारण नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग अचानक इतके हलके झाले की ते गाडीला जोडलेले आहे की नाही अशी शंका यावी, आणि गाडी अर्ध्या मार्गिकेएवढी डावीकडे सरकली. शेजारी कोणी नव्हते म्हणून आज हे लिहितो आहे. सेमी-स्लिकमुळे गाडी पाण्यावर तरंगली. टायरमध्ये तेव्हा ३ मिलिमीटर खाच शिल्लक होती आणि इथली कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, म्हणजे कागदोपत्री सगळे ठीक होते.

"चाकांचा दुसरा संच ठेवा" हा सल्ला येणारच, म्हणून आधीच सांगतो. ही दोन आसनांची गाडी आहे, इंजिन मधोमध आहे, आणि पुढची-मागची डिकी मिळून दोघांच्या बॅगा कशाबशा मावतात. १९ इंची रिमसकट चार चाके न्यायची तर ट्रेलर हवा, आणि ट्रेलर ओढायला दुसरी गाडी हवी. ट्रॅकवर ओले-कोरडे पाहून चाके बदलणारे लोक मी पाहिले आहेत, पण त्यांच्याकडे व्हॅन असते.

रबरी_हिशोब

अजिबात सहमत नाही. तुम्ही एका पावसाळी संध्याकाळीवरून नियम बनवत आहात.

रस्त्याच्या टायरला ट्रॅकवर नेमके काय होते ते आधी पाहू. नव्या टायरची खाच सात-आठ मिलिमीटर खोल असते आणि रबराचे ठोकळे उंच असतात. वळणावर पूर्ण भार आला की हे ठोकळे मुडपतात, मुडपण्यातून उष्णता तयार होते, उष्णतेने रबर आणखी मऊ होते आणि मग ते आणखी मुडपते. दोन-तीन जोरकस फेऱ्यांनंतर टायरच्या बाहेरच्या कडेवरून हात फिरवून पाहा. खोडरबराने खोडल्यावर वहीवर ज्या वळ्या उरतात तशा वळ्या तिथे चिकटलेल्या दिसतील. ती तुमची पकड आहे, सोलून निघालेली.

हॉकेनहाइमच्या ४.५७४ किलोमीटरच्या ट्रॅकवर पाराबोलिका हे लांब, वेगवान वळण संपते तिथे तुम्ही दोनशेच्या वरून साठ-सत्तरवर येता. पहिल्या फेरीत जिथे ब्रेक लावला तिथेच पाचव्या फेरीत लावला आणि टायर तापून गुळगुळीत झालेला असेल, तर काय होईल? सेमी-स्लिकमध्ये खाचा कमी असतात, ठोकळे बुटके आणि ताठ असतात, रबराचे मिश्रणही जास्त तापमानासाठीच केलेले असते. त्यामुळे तिथे पकड फेरीगणिक सारखी राहते. ही सेकंदांची चैन नाही, ही सुरक्षितताच आहे. वर्षातले चार-पाच दिवस तुम्ही गाडीकडून सर्वांत अवघड काम करून घेता आणि टायर मात्र उरलेल्या सोप्या दिवसांसाठी निवडता, हे मला उलटे वाटते. पाऊस आला तर महामार्गावर सत्तरने चालवा, कोणी अडवलेले नाही.

ताम्हिणीपार

मी पुण्यात बीएमडब्ल्यू एम२ चालवतो आणि धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, कारण आमच्याकडे "पाऊस आला तर" असे म्हणायची सोयच नाही. जून ते सप्टेंबर तो असतोच. ताम्हिणीत किंवा वरंध्यात रस्त्यावरून आडवे पाणी वाहत असते, त्याखाली खड्डा आहे की नाही हे चाक आत गेल्यावर कळते. माझ्या मागच्या टायरचे माप २८५/३० आर २०, म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची साडेआठ सेंटिमीटर. इतक्या बुटक्या भिंतीचा टायर खड्ड्यात आपटला की भिंतीवर फुगवटा येतो आणि टायर बाद होतो. कधी त्यासोबत रिमही जातो. जो टायर खड्ड्यात एका क्षणात बाद होऊ शकतो, त्यात ट्रॅकसाठीचे महाग रबर घालून रोज फिरणे मला परवडत नाही.

आणि ट्रॅक तरी कुठे जवळ आहे? चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाईचा ट्रॅक पुण्याहून सुमारे बाराशे किलोमीटर, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट त्याहूनही लांब. पावणेचार किंवा पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारण्यासाठी बाराशे किलोमीटर सेमी-स्लिकवर जायचे, म्हणजे वऱ्हाड लग्नघरी पोहोचेपर्यंत जेवण संपायचे. जे नियमित जातात ते गाडी ट्रकवर चढवून पाठवतात. त्यांनी हवे ते घालावे.

सॅनहोजेकर

टायरच्या भिंतीवर छापलेल्या ट्रेडवेअरच्या, म्हणजे टायर किती हळू झिजतो ते सांगणाऱ्या, आकड्यावरून टायर निवडणाऱ्यांसाठी थोडे. मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एसवर ३०० असते आणि पायलट स्पोर्ट कप २ वर १८०. यावरून पहिला दुसऱ्याच्या सुमारे १.६७ पट टिकेल असा हिशोब लोक करतात. ही अमेरिकी पद्धत आहे. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यावर सुमारे ११,६०० किलोमीटर गाड्यांचा ताफा चालवून झीज मोजतात, प्रमाण टायरला १०० मानतात, आणि त्यावरून आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. चाचणी साध्या रस्त्यावरची, साध्या वेगाची. ट्रॅकवरच्या झिजेबद्दल ती काहीच सांगत नाही आणि दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवण्यातही फारसा अर्थ नाही.

इथे अमेरिकेत ऑटोक्रॉसच्या (मोकळ्या जागेत शंकू मांडून घेतलेल्या वेळेच्या शर्यतींच्या) काही वर्गांत किमान २०० ट्रेडवेअरचा नियम आहे. परिणाम असा की, योकोहामाच्या ए०५२ सारखे टायर बरोबर २०० चा शिक्का घेऊन येतात आणि वागतात जवळजवळ सेमी-स्लिकसारखे. परीक्षेत ३५ गुणांना पास म्हटले की ३५ च मिळवणारे निघतात, तसे. तेव्हा धागाकर्त्यांनी "रस्त्याचा" आणि "ट्रॅकचा" अशी सरळ रेघ मारली आहे, तितकी ती सरळ नाही.

मुख्य वादाबद्दल माझे मत दोघांच्याही विरोधात आहे. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात महिनोन्महिने पाऊस नसतो. लागुना सेकाच्या ट्रॅकला मी सेमी-स्लिकवर जातो आणि त्यावरच परततो, एकदाही पश्चात्ताप झालेला नाही. टायर हा प्रश्न गाडीपेक्षा जास्त हवामानाचा आहे.

लाल_झेंडा

मी काही वर्षे ट्रॅकवर नवशिक्यांच्या शेजारी बसून शिकवले आहे, म्हणून शेजारच्या आसनावरून दिसलेले सांगतो. रस्त्याचा टायर पकड सोडण्याआधी बोलतो. आधी बारीक कुई, मग मोठ्याने किंचाळणे, मग हळूच घसरणे. या तिन्हींच्या मध्ये शिकणाऱ्याला पाय सैल करायला वेळ मिळतो. सेमी-स्लिक बराच वेळ गप्प राहतो आणि सोडतो तेव्हा पुष्कळ जास्त वेगाला सोडतो. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याला तो टायर त्याच्या चुका लपवून ठेवतो, आणि एके दिवशी सगळ्या एकदम समोर मांडतो. पहिली दोन वर्षे रस्त्याचेच टायर वापरा, आणि टायरआधी ब्रेकचे द्रव नि पॅड बदला, असे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे.

मात्र रबरी_हिशोब यांचा कडेच्या वळ्यांचा मुद्दा खरा आहे आणि त्यावर धागाकर्त्यांनी विचार करावा. केमनच्या पुढच्या चाकांना कारखान्यातून निगेटिव्ह कँबर अगदी थोडा असतो, म्हणजे चाके वरच्या बाजूला आत पुरेशी झुकलेली नसतात. वळणावर गाडी कलली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो. ट्रॅकवर उतरण्यापूर्वी टायरच्या भिंतीपासून पृष्ठभागापर्यंत खडूने तीन-चार आडव्या रेघा मारा. दोन फेऱ्यांनंतर खडू कुठवर पुसला गेला ते पाहा. तो भिंतीवरही पुसला गेलेला असेल, तर टायर महाग घ्या की स्वस्त, त्याची कडच आधी जाणार आहे. कँबर वाढवला की रस्त्याचा टायरही ट्रॅकवर बराच जास्त काळ शहाण्यासारखा वागतो. रस्त्यावर आतली कड थोडी लवकर झिजते, तेवढी किंमत मोजावी.

रबरी_हिशोब

लाल_झेंडा यांचे नवशिक्यांबद्दलचे म्हणणे मान्य, पण धागाकर्ते नवशिके नाहीत.

नेकारकाठी, तुमची ए६१ वरची हकिकत पुन्हा वाचली आणि एक प्रश्न पडला. ट्रॅकवर टायर तापून दाब वाढतो तेव्हा आपण सगळेच हवा सोडतो. तुम्हीही सोडली असेल. निघण्यापूर्वी ती परत भरली होती का?

विचारण्याचे कारण सांगतो. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून एक सूत्र मांडले. चाक पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग, नॉटमध्ये, म्हणजे पीएसआयमधल्या दाबाच्या वर्गमुळाची नऊ पट. बार आणि किलोमीटरमध्ये मांडले तर २.३ बारला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो आणि १.८ बारला सुमारे ८५. तुम्ही नव्वदला होतात.

ताम्हिणीपार

विमानाच्या टायरचे सूत्र गाडीला जसेच्या तसे लावू नका. पाणी खाचेच्या खोलीपेक्षा जास्त असेल, म्हणजे खाचांचा उपयोगच संपला असेल, तेव्हाचे ते गणित आहे. चांगल्या खाचा असलेला टायर तेवढेच पाणी बाजूला सारून पुढे जातो. म्हणजे फिरून खाचांवरच आलो.

रबरी_हिशोब

चाकोरीत साचलेले पाणी आणि ३ मिलिमीटर खाच, यात तुमची अट जवळपास पूर्ण होतेच. आकडा एखाद-दुसरा किलोमीटर इकडेतिकडे होईल, दिशा बदलणार नाही.

नेकारकाठी

प्रश्न वर्मी लागला. नव्हती भरली.

त्या दिवशी दुसऱ्या फेरीनंतर मी चारही टायर गरम असताना २.३ बारवर आणले होते. टायर ट्रॅकवर पन्नास-साठ अंशांनी तापतात आणि दाब अर्ध्या बारने वाढतो, हे मला माहीत होते. तोच अर्धा बार थंड झाल्यावर पुन्हा खाली येतो हे डोक्यात आले नाही. संध्याकाळी पाऊस, गार रस्ता, निघायची घाई. टायर १.८ च्या आसपास असणार. तेव्हापासून मी टायरला दोष देत होतो.

तेव्हा "सेमी-स्लिकमुळे गाडी तरंगली" हे विधान मी मागे घेतो. निवडीबद्दलचे मत मात्र पूर्ण मागे घेत नाही. ट्रॅकवरून निघालेला माणूस दमलेला असतो आणि काहीतरी विसरतो, आणि त्या विसरण्याला सामावून घेणारा टायर मला हवा आहे. पूर्ण खोलीच्या खाचा असत्या, तर कमी हवेतही मला थोडी सवड मिळाली असती. शिवाय मी मार्चमध्येही गाडी काढतो. सकाळी पाच-सहा अंशांत थंड सेमी-स्लिक पहिले काही किलोमीटर लाकडासारखे लागतात, आणि कडाक्याच्या थंडीत अशा रबराला तडे जाऊ शकतात असे उत्पादकच बजावतात.

म्हणून या हंगामाला रस्त्याचेच टायर घेतो, पोर्शेने मान्य केल्याची 'एन' खूण असलेले. पण पुढचा कँबर वाढवून घेणार आहे, खडूच्या रेघा मारणार आहे, आणि सलग सहाऐवजी दोन फेऱ्या, मग विश्रांती असे करणार आहे. पुढच्या डिकीत एक छोटा पंप कायम राहील.

रबरी_हिशोब

दोन-दोन फेऱ्यांनी माझा निम्मा आक्षेप मिटतो. उरलेला निम्मा पाराबोलिकाच्या शेवटी तुम्हाला स्वतःलाच भेटेल, तेव्हा इथे येऊन लिहा.

पंप घेताना त्याच्यावरचा दाबमापक एकदा चांगल्या मापकाशी ताडून पाहा. माझा ०.२ बार जास्त दाखवतो.