कार्गो होजला फ्लँजजवळ मऊ फुगवटा, सर्टिफिकेट अजून चालू. वापरायचा का?

नवा_डेकवाला:
जहाज आणि जेट्टीमध्ये तेल नेणारा ८ इंची रबरी होज आहे, रेटेड प्रेशर (वापरात चालणारा कमाल दाब) १० बार. बाहेरच्या कव्हरवर बारीक भेगा आहेत, आतलं कापड कुठे दिसत नाही. पण फ्लँजपासून (टोकाची बोल्टने जोडायची चकती) वीतभर अंतरावर एक फुगवटा आलाय. पंप चालू असताना बोटाने दाबला तर मऊ लागतो, पंप बंद झाला की बसतो. वार्षिक टेस्टची मुदत संपायची आहे, म्हणून वरचे म्हणतात, "चालवून घे." जास्त काळजी कशाची करू, भेगांची की फुगवट्याची?

जुना_पंपमन:
फुगवट्याची. आणि प्रेशरखालचा होज बोटाने चाचपायचा उद्योग पुन्हा करू नका!

भेगा ऊन आणि ओझोनमुळे पडतात. कव्हरपुरत्या असतील तर नोंद ठेवा, कापड उघडं पडलं की होज बाद. फुगवटा आतून येतो. अस्तर फाटलं किंवा निपलपासून (होजच्या टोकात बसवलेली धातूची नळी) सुटलं की तेल थरांमधून वाट काढत जातं आणि वर येतं भलतीकडेच. त्यामुळे त्या जागी ठिगळ लावून काही होत नाही. टोचून 'हवा काढणारे' महाभागही भेटतील, त्यांना जवळ फिरकू देऊ नका.

होज आजच बाजूला काढा. रिकामा करून, धुऊन, गॅसमुक्त झाल्यावर दोन्ही तोंडांतून स्फोटरोधक टॉर्चने बघा. उजेड तिरका पाडा, म्हणजे उचललेल्या अस्तराची सावली पडते. समोरून उजेड मारला तर सगळं गुळगुळीत दिसतं.

सर्टिफिकेट टेस्टच्या दिवसापुरतं बोलतं. त्यानंतर कोणी मधोमध एकाच स्लिंगने (उचलायच्या पट्ट्याने) उचलला असेल तर ते त्यात कुठून येणार?

नवा_डेकवाला:
एकच स्लिंग असते, हो. बदली होज आला तर त्याच्या टेस्टचं काय मागू?

जुना_पंपमन:
लांबी. रेटेडच्या दीडपट प्रेशर, म्हणजे १५ बार, सगळेच देतात. पाण्याने, आतली हवा पूर्ण काढून. पण वाटेत १० बारवर थांबून लांबी मोजायची असते, तिथे टाळाटाळ होते. इसगॉटचा (तेलवाहू जहाजं आणि टर्मिनलसाठीची आंतरराष्ट्रीय सुरक्षा मार्गदर्शिका) हिशेब असा: नवा असताना होज २.५ टक्के किंवा कमी ताणला जात असेल, तर आता त्याहून आणखी २ टक्क्यांपर्यंत चालतो. जास्त ताणला जात असेल तर मूळच्या दीडपटीपर्यंत. १० मीटरचा होज नवा असताना १० सेंटिमीटर वाढला असेल, तर आता वाढ ३० सेंटिमीटरच्या पुढे गेली की बाद. नवेपणाचा आकडाच फाइलला नसेल तर तुलना कशाशी करणार? तो आधी मागा.

जेट्टी_इलेक्ट्रिकल:
भर घालतो. बदली होज कंटिन्युअस (एका टोकाकडून दुसऱ्याकडे वीज जाऊ देणारा) की डिसकंटिन्युअस (न जाऊ देणारा), ते जोडण्याआधी मीटरने बघा. लाइनमध्ये इन्सुलेटिंग फ्लँज (वीज अडवणारा जोड) असेल तर सगळे होज कंटिन्युअस हवेत. नसेल तर एकच डिसकंटिन्युअस, दोन नकोत. मधला तुकडा अधांतरी राहून त्यावर स्टॅटिक साठतं. आणि इन्सुलेटिंग फ्लँज किंवा डिसकंटिन्युअस होज यांपैकी एकही नसेल तर सोडता-जोडताना जहाज आणि जेट्टीमधला करंट ठिणगी पाडू शकतो.

नवा_डेकवाला:
तिरक्या उजेडात दिसलं. निपलच्या कडेला अस्तर सुटलंय. लाल टॅग लावला.

जुना_पंपमन:
टॅग पावसात गळून पडतो. दोन्ही फ्लँज कापून टाका. अख्खा पडून राहिला तर घाईच्या वेळी कोणीतरी परत जोडेल.