ओटीजीमध्ये कमी तेलाचा मासा : कोणता घ्यावा?

मंगळवारपेठ : डॉक्टरांनी वडिलांचे तळलेले खाणे बंद केले आहे, आणि माशावाचून आमचा रविवार जात नाही. माझ्याकडे 18 लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असून त्यात आजवर केक आणि नानकटाई यांपलीकडे काहीही भाजलेले नाही. चौघांना पुरेल असा, चमचाभर तेलात होणारा आणि कमी काट्यांचा मासा 500 रुपयांच्या आत सुचवावा. तापमान व वेळही सांगावी.

घाटमाथा : पापलेटच घ्यावे. चौघांना चार मध्यम नग लागतील. आमच्याकडे मालवणचा माल गगनबावड्यामार्गे येतो, त्यामुळे आम्ही बाजारातल्या बर्फातल्या माशाकडे पाहतही नाही.

तांबडापांढरा : 500 रुपयांत चार पापलेट कुठे मिळतात, तेही लिहावे. तापमान 230 अंश ठेवून वरून कांदा-लसूण मसाला सढळ हाताने चोळावा; फिका मासा कोल्हापुरात कोण खाणार? माझा मसाला जळून जिन्यापर्यंत ठसका गेला होता, हे मान्य आहे; परंतु तो दोष ओव्हनचा होता.

उत्तरेश्वर : दोष मसाल्याचाच होता, कारण सुकी मिरची व लसूण इतक्या आचेवर मासा शिजण्याआधीच करपतात. ताई, आपल्या बजेटमध्ये बासा माशाची गोठवलेली फिले (सपाट तुकड्या) बसतील आणि त्यांत काटेही जवळजवळ नसतात. मात्र मी पहिल्यांदा ती अर्धवट वितळलेलीच ट्रेमध्ये ठेवली, तेव्हा इतके पाणी सुटले की मासा भाजण्याऐवजी उकडला गेला. रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवून ती स्वच्छ फडक्याने कोरडी टिपावीत, हळद-मीठ-आले-लसूण लावावे आणि लिंबू भाजायला ठेवण्याआधीच्या शेवटच्या 15 मिनिटांतच पिळावे, नाहीतर मांस पिठूळ होते. ओव्हन 200 अंशांवर आधीच तापवलेला असला, तर बोटभर जाडीच्या तुकडीला 10 ते 12 मिनिटे पुरतात. काट्याने (फोर्कने) दाबल्यावर मांसाच्या पाकळ्या सुटल्या की लगेच बाहेर काढावे.

रंकाळाकाठ : उत्तरेश्वर यांच्याशी सहमत आहे, पाणी टिपणे महत्त्वाचे. मी मात्र केळीचे पान गॅसवर फिरवून, ते मऊ आणि तकतकीत झाले की त्यात मासा गुंडाळते. लिंबू लावलेला मासा ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवू नये, आंबटाने फॉइलचा अंश उतरतो.

घाटमाथा : फॉइलने आमचे काहीही बिघडलेले नाही. पारशी लोकही मासा पानातच भाजतात, पण तो पापलेट असतो.

रंकाळाकाठ : पारशांची ती पात्रानी मच्छी भाजत नाहीत, वाफवतात.

मंगळवारपेठ : सर्वांचे आभार. बासाचे नाव काढताच वडील म्हणाले, "ज्याला काटा नाही, तो मासा कसला?" तेव्हा सरळ चार बांगडे आणले आणि 500 ची नोट मोडून पैसे परत आले. कल्ले लालभडक होते, डोळे फुगीर होते. दोन्ही अंगांना तिरक्या चिरा देऊन, कांद्याच्या चकत्यांवर उघडेच ठेवून 200 अंशांवर 15 मिनिटे भाजले; बांगड्याची स्वतःचीच चरबी सुटल्याने तेल अर्धा चमचाही लागले नाही. वडिलांनी चकत्यासुद्धा ठेवल्या नाहीत. आता एवढेच सांगावे : ओटीजीतला वास पुढच्या नानकटाईला लागू नये म्हणून काय करावे?