ज्येष्ठ चालकाच्या सोयीसाठी सेदानचे सस्पेन्शन उंच करून घ्यावे का?

कारेलीबागकर
माझे वडील ७४ वर्षांचे असून आजही बडोद्यात कारेलीबागेतून दांडिया बाजारापर्यंत स्वतः गाडी चालवत जातात. चालवताना त्यांना अडचण येत नाही. मात्र गुडघेदुखीमुळे सेदानच्या खोल सीटवर बसताना, आणि त्याहूनही उतरताना, त्यांचे फार हाल होतात. स्प्रिंगमध्ये रबरी बफर किंवा शॉकअपवर (हादरे शोषणाऱ्या दांड्यावर) स्पेसर, म्हणजे उंची वाढवणारी जाड चकती, बसवून गाडी तीन-चार सेंमी उचलून देतो, असे गॅरेजवाले म्हणतात. नवी उंच गाडी घेणे सध्या शक्य नाही. बाबांना या बदलाचा खरोखर उपयोग होईल का?

मकरपुऱ्याचा अभियंता
उपयोग होईल, पण तुम्हाला वाटतो त्यापेक्षा बराच कमी. गाडी उचलली की सीटबरोबर दाराचा उंबराही तितकाच वर जातो, म्हणजे बसणे जेवढे सोपे होते तेवढेच पाय आत घेणे अवघड होते. जेवणाच्या टेबलाची खुर्चीही साधारण ४५ सेंमीच उंच असते. तरी तिच्यावरून उठणे जमते, कारण पावले खुर्चीखाली मागे घेऊन शरीराचा भार त्यांच्यावर आणता येतो. गाडीत उंबरा आड येतो, पावले पुढेच राहतात आणि सगळा ताण गुडघ्यांवर पडतो.

स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायच्या बफरमुळे भरलेली गाडी कमी दबते, पण रिकामी गाडी फारशी उचलली जात नाही. शिवाय स्प्रिंग कडक होऊन प्रत्येक गतिरोधकाचा हादरा थेट कमरेला बसतो. स्पेसरने उंची नक्की वाढते. मात्र पुढची चाके फिरवणाऱ्या दांड्यांचा (ड्राइव्हशाफ्टचा) कोन वाढून सांधे लवकर झिजतात, व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवावा लागतो, आणि गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे वळणावर गाडी अधिक कलते. मोठ्या टायरचेही तसेच आहे: व्यास २० मिमीने वाढवला तरी गाडी १० मिमीच उचलली जाते, आणि स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो.

माझे स्पष्ट मत असे की, गाडीला हात न लावता फक्त सीट वर घ्यावी.

रावपुरा_७
मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ ही पाहून ठेवावे. नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे काहीही बसवण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी विचारावे.

कारेलीबागकर
सीटला उंचीचा लिव्हर आहे, पण तो पूर्ण वर केला तरी कमी पडते. वर जाड गादी टाकली तर चालेल का?

फिजिओ, सयाजीगंज
सुटी, मऊ, जाड गादी चालकाच्या सीटवर कृपया टाकू नका. जोरात ब्रेक लागल्यावर ती दबते वा सरकते, आणि कमरेच्या हाडावर राहायला हवा तो पट्टा पोटावर चढतो. सीटच्या आतला फोम दबला असेल तर चांगल्या सीटवाल्याकडून तो बदलून घ्यावा. जुन्या गाडीत तेवढ्यानेही बराच फरक पडतो. उठताना दाराचा आधार घेण्याऐवजी, गाडीच्या चौकटीवर दाराचे कुलूप ज्या कडीत बसते तिच्यात अडकवायची मूठ मिळते, ती घ्यावी. दार हलते, ही मूठ हलत नाही.

बाबांनी आधी सीट पूर्ण मागे आणि वर घ्यावी, गाडीकडे पाठ करून बसावे, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत, आणि त्यानंतरच सीट व आरसे चालवण्याच्या जागी आणावेत. उतरताना याच्या उलट क्रम ठेवावा. सीटच्या कडेपर्यंत पुढे सरकल्याशिवाय उठू नये. डाव्या बाजूला आई बसत असतील, तर त्यांना बसवताना मात्र गाडी फुटपाथला खेटून उभी करू नका. फुटपाथ १५ सेंमी उंच असेल, तर त्यांच्यासाठी सीट तितकीच खाली जाते; त्यांना सपाट रस्त्यावरूनच बसवा.