मदत हवी आहे: निक्सी घड्याळात प्रत्येक आकड्यामागे दुसरा पुसट आकडा दिसतो

नमस्कार. चार निक्सी ट्यूबचं (आत ० ते ९ आकड्यांच्या तारा असलेल्या, निऑनसारख्या पेटणाऱ्या काचेच्या नळ्या) घड्याळ करते आहे. घड्याळ चालतं, वेळही बरोबर दाखवतं, पण प्रत्येक आकड्यामागे आणखी एक आकडा मंद पेटलेला दिसतो. दोन आठवडे याच्याच मागे आहे, आता पुढचं काही सुचत नाही.

आधी जोडणी सांगते. ट्यूब आयएन-१२ए. चारही ट्यूबचे सारख्या आकड्यांचे कॅथोड (म्हणजे आकड्यांच्या तारा) एकमेकांना जोडून एकाच के१५५आयडी१ या डिकोडर आयसीवर आणले आहेत. म्हणजे आकडा कुठला पेटायचा ते ही आयसी ठरवते आणि ट्यूब कुठली पेटायची ते अॅनोडकडचे (ट्यूबच्या धन टोकाकडचे) ट्रान्झिस्टर. प्रत्येक अॅनोडला वरून एमपीएसए९२ ट्रान्झिस्टर आणि त्याचा बेस (त्याला चालू-बंद करणारं टोक) १०० के (किलोओहम) मधून खाली ओढायला एमपीएसए४२ ट्रान्झिस्टर. एमपीएसए९२ च्या बेस आणि एमिटरमध्ये १ मेगओहम. अॅनोड रेझिस्टर १२ के. कंट्रोलर एटीमेगा३२८पी, १६ मेगाहर्ट्झ. १२ व्होल्टवरून एमसी३४०६३ आणि आयआरएफ७४० ने व्होल्टेज वाढवलं आहे, ट्यूब चालू असताना मीटर १७८ व्होल्ट दाखवतो. वेळेसाठी डीएस३२३१ चं मॉड्यूल.

एकेक ट्यूब २ मिलिसेकंद पेटते, म्हणजे चौघींचा फेरा ८ मिलिसेकंदांत. डोळ्यांना लुकलुक अजिबात जाणवत नाही.

आता दुखणं. खोलीत अंधार करून १२:३८ ला नीट पाहिलं. पहिल्या ट्यूबमध्ये १ झगझगीत, आणि त्याच्या मागच्या थरात २ ची तार जेमतेम नारिंगी. दुसरीत २ च्या मागे ३. तिसरीत ३ च्या मागे ८. चौथीत ८ च्या मागे १. पण २२:२२ ला चारही ट्यूब एकदम स्वच्छ! ११:११ लाही तेच.

केलेले प्रयोग: आकडा बदलल्यावर पुढची ट्यूब पेटवण्याआधी २०० मायक्रोसेकंदांचा विराम टाकला होता, तो ५०० केला. मूळ आकडा मंद झाला आणि मागचा उलट जास्तच उठून दिसायला लागला. डिकोडरची दुसरी आयसी लावून पाहिली, फरक नाही. ट्यूब आपापसांत बदलल्या, तरी पुसट आकडा जागा सोडत नाही, म्हणजे दोष ट्यूबचा नसावा. (आयएन-१२ मधला ५ हा उलटा २ असतो, ते ठाऊक आहे. हा घोळ तो नाही.)

याशिवाय दोन लहान अडचणी. प्लग काढून परत लावला की घड्याळ दरवेळी ७:४२ वरच सुरू होतं, मॉड्यूलमध्ये सेल असूनही. आणि मधले दोन निऑन दिवे डीएस३२३१ च्या एसक्यूडब्ल्यू पिनवरून (ठरावीक गतीने चालू-बंद सिग्नल देणारी पिन) सेकंदाला लुकलुकवायचे आहेत, पण ती पिन हलतच नाही.

कोडचा गाभा शब्दांत लिहिते: चालू अॅनोड बंद, लगेच डिकोडरला नवा आकडा, मग विराम, मग पुढचा अॅनोड चालू.

प्रतिसाद

ताई, १२:३८ चं निरीक्षण इतकं नेमकं लिहिलंत की निम्मं काम तिथेच झालं. प्रत्येक ट्यूबमध्ये तिच्या उजवीकडच्या शेजारणीचा आकडा दिसतोय, आणि चौथीत पुन्हा पहिलीचा. म्हणजे डिकोडरवर पुढचा आकडा आला तरी आधीचा अॅनोड अजून बंद झालेला नसतो. डावीकडचा आकडा दिसला असता तर डिकोडर उशिरा बदलतोय असं म्हटलं असतं. २२:२२ ला शेजारीही २ च असल्यामुळे पुसट आकडा खऱ्यावरच पडतो आणि दिसत नाही.

उशीर होण्याचं कारण ते १ मेगओहम. १०० के मधून तुम्ही एमपीएसए९२ च्या बेसला जवळजवळ १.८ मिलिअँपिअर देता, म्हणजे तो गच्च चालू होतो. बंद करताना मात्र बेसमधला चार्ज त्या १ मेगमधूनच बाहेर पडायला हवा, आणि ०.६ व्होल्टला त्यातून मायक्रोअँपिअरसुद्धा वाहत नाही. त्यात कलेक्टर आणि बेसमधली धारिता बंद होताना आणखी खोडा घालते. शेकडो मायक्रोसेकंद असेच जातात.

विराम वाढवून का बिघडलं तेही यातच आलं. तुमचा विराम आकडा बदलल्यानंतर येतो. तेवढा सगळा वेळ जुनी ट्यूब विझत विझत नवा आकडा दाखवत राहते, आणि खऱ्या आकड्याच्या वाट्याचे मायक्रोसेकंद कमी होतात. विराम अॅनोड बंद केल्यावर आणि आकडा बदलण्याआधी हवा.

सोल्डरिंगला हात घालण्याआधी खात्री करून घ्या. प्रत्येक ट्यूबचा वेळ २ वरून १०० मिलिसेकंद करा. लुकलुकेल, लुकलुकू द्या. अॅनोडचा उशीर तेवढाच राहणार, त्यामुळे त्याचा वाटा नगण्य होऊन पुसट आकडा जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. तसाच दिसत राहिला तर कुठेतरी गळती आहे, मग बोर्डवरचा फ्लक्स (सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट थर) स्पिरिटने धुऊन पुन्हा बघा.

खात्री पटली की १ मेगच्या जागी १० के आणि १०० के च्या जागी ३३० के लावा. ३३० के मधूनही अर्धा मिलिअँपिअर मिळतो, तुमच्या तीन-साडेतीन मिलिअँपिअरच्या अॅनोड करंटला तो भरपूर झाला. मग क्रम असा: अॅनोड बंद, १०० मायक्रोसेकंद विराम, नवा आकडा, पुढचा अॅनोड चालू.

७:४२ ही बहुधा तुम्ही कोड शेवटचा कंपाइल केला ती वेळ असेल. बऱ्याच नमुना कोडमध्ये सेटअपच्या भागात कंपाइलची वेळ घड्याळात भरणारी ओळ असते आणि ती दर वेळी चालते. डीएस३२३१ च्या हेक्स ०एफ रजिस्टरमधला (चिपमधली नोंदीची जागा) सर्वांत वरचा बिट, ओएसएफ, ऑसिलेटर मधे थांबला होता का ते सांगतो. तो १ असेल तरच वेळ भरा आणि भरल्यावर तो ० करा.

एसक्यूडब्ल्यू पिन सुरुवातीला अलार्मच्या इंटरप्टसाठी राखलेली असते. ०ई रजिस्टरमध्ये ० लिहा, १ हर्ट्झ मिळेल. पिन ओपन ड्रेन आहे, म्हणजे ती फक्त खाली ओढू शकते; मॉड्यूलवर पुलअप (वर ओढणारा रेझिस्टर) नसेल तर ५ व्होल्टकडे १० के चा द्या. निऑनला मात्र ही पिन थेट जोडू नका, मधे एमपीएसए४२ हवाच.

न विचारलेल्या दोन गोष्टीही सांगतो. बऱ्याच मॉड्यूलवर सेल चार्ज करणारा डायोड आणि रेझिस्टर असतो. तुमचा सेल सीआर२०३२ असेल तर तो चार्ज करण्याचा नाही, तो रेझिस्टर काढून टाका. आणि १७८ व्होल्टच्या कपॅसिटरवर, प्लग काढल्यावर तो उतरावा म्हणून, ४७० के चा रेझिस्टर कायमचा लावला आहे ना? बोर्डला हात लावण्याआधी प्लग काढून मीटरवर व्होल्टेज उतरलेलं बघत जा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, मनापासून आभार. आधी १०० मिलिसेकंदांचा प्रयोग केला. एकेक ट्यूब टपटप पेटत होती आणि मागचा आकडा फक्त विझताना क्षणभर चमकून जायचा. तो "क्षण" डोळ्यांनी पाहिला तेव्हा सगळं लख्ख कळलं.

मग एकाच ट्यूबचे दोन रेझिस्टर बदलले, कोड तसाच ठेवून. ती ट्यूब स्वच्छ, बाकी तीन तशाच. शेजारी शेजारी फरक बघायला मिळाला म्हणून बरं वाटलं. मग उरलेल्या तिघींचेही बदलले आणि विरामाची जागा हलवली. काल अंधारात पुन्हा १२:३८ पाहिलं, मागच्या तारा पूर्ण काळ्या आहेत.

७:४२ चं कारण तेच निघालं. आता प्लग काढून दोन तासांनी लावला तरी वेळ बरोबर असते. ४७० के नव्हता, तो लावला: ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दहा सेकंदांत उतरतो. सेल सीआर२०३२ च आहे, चार्जिंगचा रेझिस्टर काढला.

एकच शंका उरली. २४ तासांच्या घड्याळात पहिल्या ट्यूबला फक्त ०, १, २ लागतात. बाकीच्या तारा न पेटता राहिल्या तर त्यांच्यावर थर चढून पुढे त्या अर्धवट पेटतात, असं वाचलं. त्यासाठी काय करता?

प्रतिसाद

बरोबर वाचलंत. पेटलेल्या कॅथोडचे धातूचे कण उडून शेजारच्या, न पेटणाऱ्या तारांवर बसतात. मी रोज पहाटे काही मिनिटं चारही ट्यूबवर ० ते ९ फिरवतो. पहिल्या ट्यूबला ३ ते ९ जास्त वेळ द्या, ०, १, २ तिला दिवसभर मिळतातच.

धागाकर्ती

पहाटे ४ ची वेळ टाकली. उद्या उठून बघते.