पगार वाढवायला मर्यादा आहे. माणसं टिकवायला अजून काय करता येईल? (अंबड, नाशिक)

वर्कशॉपवाली:

नमस्कार. अंबड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. सासऱ्यांनी दोन लेथवर सुरू केलं, आता चार सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारी मशीन) आणि हेल्पर-पॅकिंग धरून तीसेक माणसं आहेत. प्रॉडक्शन नवरा बघतो. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि माणसांची गाऱ्हाणी माझ्याकडे.

दिवाळीचा बोनस झाला आणि आमचा सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणारा, सिन्नरला गेला. पाठोपाठ त्याच्याच हाताखाली तयार झालेला ऑपरेटरही गेला. तिकडे पगार जास्त आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. घर चालवायचं तर माणूस जाणारच. आम्ही दरवर्षी वाढ देतो, पण जॉबचा, म्हणजे आम्ही बनवतो त्या पार्टचा, रेट काम देणारी मोठी कंपनी ठरवते आणि दरवर्षी तो कमीच करून मागते. पगारात त्यांच्याशी बरोबरी करणं आम्हाला जमणार नाही.

जाताना सेटरला बसवून विचारलं, तेव्हा तो पैशांवर एकच वाक्य बोलला. मग म्हणाला, "मॅडम, तिकडे महिन्याची शिफ्ट आधी कळते." चांदवडकडचा मुलगा आहे. घरी कांदा असतो, मार्च-एप्रिलमध्ये काढणी आणि चाळ भरणं, भाऊ एकटा. आपली सेकंड शिफ्ट आहे की फर्स्ट, हे आदल्या संध्याकाळी कळलं तर तो गावाला कधी जाणार?

हे ऐकल्यापासून डोक्यात तेच आहे. आम्ही खंडेनवमीला मशिनींची पूजा करतो, सगळ्यांची घरची माणसं येतात, चैत्रात वणीला गाडी नेतो. ते चालूच राहील, ते मनापासून केलेलं आहे. पण मला साध्या मंगळवारी दुपारी दोन वाजता उपयोगी पडेल असं काहीतरी हवंय. तुमच्याकडे काय केलंय? कामगारांनी लिहिलं तर जास्त आवडेल.

सातपूरचे काका:

ताई, मी सातपूरच्या एका कारखान्यातून पर्सोनेल ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. तुमच्या सेटरने फुकट सल्ला दिलाय, तो तसाच उचला. महिन्याच्या २५ तारखेला पुढच्या महिन्याचा शिफ्टचा तक्ता बोर्डावर लावा. बदलायचाच झाला तर ज्याची शिफ्ट बदलते त्याला विचारून बदला.

आम्हाला लेबर वेल्फेअरच्या कोर्सला हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञांचा सिद्धांत शिकवायचे. १९५९ साली त्यांनी अमेरिकेत पिट्सबर्गच्या आसपासच्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटांच्या मुलाखतींवरून मांडलं, की पगार, वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या की माणूस चिडतो. त्या नीट असल्या म्हणून तो मनापासून काम करेलच असं मात्र नाही. त्यासाठी काम स्वतः करून दाखवल्याचं समाधान, त्याची दखल, जबाबदारी आणि पुढे जायची वाट लागते. मला हे पुष्कळसं पटतं. फक्त एक लक्षात ठेवा, ते इंजिनिअर आणि अकाउंटंट होते. खोलीचं भाडं भरून जेमतेम उरणाऱ्या हेल्परला आधी पगार, मग बाकी सगळं.

आता जबाबदारीचं एक उदाहरण. आमच्याकडे सेटिंग झालं की फर्स्ट पीस, म्हणजे निघालेला पहिला नग, क्वालिटीवाला येऊन तपासायचा. तो दुसऱ्या लाइनवर असला की ऑपरेटर मशीन बंद ठेवून उभा, आणि वरून बोलणी त्यालाच. मग काही जुन्या ऑपरेटरांना बोअर गेज आणि मायक्रोमीटर ही मापाची साधनं नीट शिकवली, परीक्षा घेतली आणि प्रत्येकाला स्वतःच्या नंबरचा रबरी शिक्का दिला. फर्स्ट पीस त्याने मोजायचा, कार्डावर शिक्का त्याने मारायचा. खर्च म्हणाल तर शिक्क्याचा. एक ऑपरेटर तो शिक्का रुमालात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही. कार्ड भरताना आधी खडूने हात कोरडे करायचा, कूलंटचा डाग पडू नये म्हणून. पुढे त्याच्या शिक्क्याचा जॉब असेंब्लीवाले डोळे झाकून घ्यायचे. नंतर तोच नव्या पोरांना गेज शिकवायला लागला.

शिकवलं की माणूस जातो, ही भीती सगळ्या लहान मालकांना असते. काही जातीलही. पण हेल्परला ऑफसेट (माप बरोबर यावं म्हणून मशीनला द्यायची दुरुस्ती) कसा द्यायचा हे कोणी दाखवतच नसेल, तर तो शिकण्यासाठीच दुसरीकडे जाईल.

श्रमिकनगरची ताई:

मी वायर हार्नेसच्या, म्हणजे वायरींचे जुडगे बनवायच्या, लाइनवर आहे. कामगारांनी लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट ईएसआय. पगारातून ०.७५ टक्के आमचे जातात, मालक ३.२५ टक्के भरतो, पण लाइनवरच्या किती बायका दवाखान्यात जातात ते विचारा. सकाळी दवाखान्यात गेलं की रांग, केसपेपर, औषध, यात अर्धा दिवस जातो आणि अर्धा दिवस कापला जातो. त्यापेक्षा कॉलनीतल्या डॉक्टरला पैसे दिलेले परवडतात. आमच्या आताच्या मॅनेजरसाहेबांनी ठरवलं, की ईएसआयचा केसपेपर दाखवला तर दोन तासांचा गेटपास, पगार कापायचा नाही. तेव्हापासून मी आईची शुगर सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलला दाखवते. तिचं नाव कार्डावर लागू शकतं, हेसुद्धा ऑफिसच्या मॅडमनी सांगितलं आणि फॉर्म बसून भरून दिला. पैसे भरता तुम्ही, आणि उपयोग कोणालाच होत नाही, असं होऊ देऊ नका.

दुसरं, स्टूल. आधी पूर्ण शिफ्ट उभं राहून क्रिम्पिंग (वायरीच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवणं) करायचो. उंच-खाली होणारे स्टूल आले आणि संध्याकाळी घरी गेल्यावर पोळ्या लाटायला अंगात जीव राहायला लागला. बायकांचं टॉयलेट स्वच्छ, आतून कडी लागणारं आणि कागदी पिशव्या-डबा ठेवलेलं असावं. याला कोणी बक्षीस म्हणत नाही, पण नोकरी सोडताना बाई हे कारण तोंडाने सांगत नाही आणि सोडते मात्र याच कारणाने.

व्हीएमसीवाला:

काका आणि ताईंशी सहमत. माझं एवढंच, की आधी देणं चोख असू द्या. मी एके ठिकाणी होतो, तिथे वाढदिवसाला केक कापून फोटो ग्रुपवर टाकायचे, महिन्याचा उत्तम कामगार म्हणून भिंतीवर नाव लागायचं. माझंही लागलं होतं. पण ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यायचा असतो, तो सिंगलने लावायचे आणि विचारलं की "तू तर आपला माणूस आहेस". त्या भिंतीकडे बघायची इच्छा होईना. वीस दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा हा हक्क आहे, ती उपकार म्हणून दिली की माणसाला कळतं.

आत्ता जिथे आहे तिथे पगार फार नाही. पण प्रोग्रॅममध्ये फीड (टूल पुढे सरकायचा वेग) बदलून सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, कमी करता येईल असं सांगितलं, तेव्हा साहेब मशीनपाशी आले, मला करू दिलं आणि दोन जॉब वाया गेले तरी ओरडले नाहीत. तिसरा बरोबर आला. आता त्या जॉबच्या प्रोसेस शीटवर माझं नाव आहे. सिन्नरहून मलाही विचारणा झाली होती. अजून तरी गेलो नाही.

वर्कशॉपवाली:

सगळ्यांचे आभार, विशेषतः श्रमिकनगरच्या ताईंचे. आज हजेरीचं रजिस्टर काढून ईएसआय कार्डावर कोणाच्या घरच्यांची नावं नाहीत ती यादी केली. बऱ्याच जणांनी आईवडिलांची नावं घातलेलीच नाहीत. शनिवारी एकेकाला बोलावून फॉर्म भरून घेणार आहे. गेटपासचं नवऱ्याला पटलंय. शिक्क्याचा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये फर्स्ट पीसवर इन्स्पेक्टरचीच सही मागतात. काका, तुमच्याकडे हे कसं बसवलं होतं? शिक्का ऑपरेटरचा आणि वर इन्स्पेक्टरची सही, असं चालेल का?

शिफ्टचा तक्ता या २५ तारखेला लागेल. अडचण मार्च-एप्रिलची आहे. कांदा, द्राक्ष आणि वणीची यात्रा, तिन्ही एकदम येतात, आणि आमच्याकडे मार्चअखेरची डिलिव्हरी असते. आळीपाळीने गावाला सोडायचं ठरवलं तर आधी कोणाला, हे मी ठरवावं की त्यांनी आपसात? लहान शॉप चालवणाऱ्या कोणी हे केलं असेल तर नक्की लिहा.

सातपूरचे काका:

शिक्का आणि सही, दोन्ही चालतं. कार्डावर दोन रकाने करा. ऑपरेटरने मोजून शिक्का मारला की मशीन सुरू करायचं आणि इन्स्पेक्टरने फेरीत येऊन पडताळून सही करायची, हे तुमच्या कंट्रोल प्लॅनमध्ये (कुठे काय, कोणी तपासायचं याच्या कागदात) लिहून ग्राहकाकडून मंजूर करून घ्या. मंजुरीआधी सुरू करू नका.

सुट्ट्यांचं त्यांनाच आपसात ठरवू द्या. एका वेळी किती मशीन बंद राहिली तरी डिलिव्हरी निघते, तो आकडा तेवढा तुम्ही सांगा. कोणाचा कांदा आधी काढायला येतो हे त्यांना एकमेकांचं ठाऊक असतं.