रेबीजवरील मोनोक्लोनल प्रतिपिंडांविषयी जाणकारांची मदत हवी आहे

आशा सेविकांसाठी श्वानदंशावरील मराठी माहितीपत्रक लिहीत असून एका भागापाशी अडले आहे. रक्त येईल असा चावा असल्यास केवळ लस पुरत नाही, कारण लसीमुळे शरीरात स्वतःचे प्रतिपिंड (विषाणूला निष्प्रभ करणारी प्रथिने) तयार होण्यास आठवडाभर तरी लागतो. तोवर विषाणूला जखमेतच रोखण्यासाठी तयार प्रतिपिंड जखमेत आणि तिच्या भोवती टोचावे लागतात. पूर्वी त्यासाठी मुख्यतः घोड्याचे सीरम, म्हणजे घोड्याच्या रक्तातून मिळवलेले प्रतिपिंड, वापरले जाई. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ मध्ये आणलेले रॅबिशील्ड हे मात्र प्रयोगशाळेत पेशींमध्ये वाढवलेले (मोनोक्लोनल) एकच मानवी प्रतिपिंड आहे, तर झायडस कंपनीच्या ट्विनरॅबमध्ये अशा दोन प्रतिपिंडांचे मिश्रण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये अशा मिश्रणाला प्राधान्य सुचवले होते.

घोड्याच्या सीरमची मात्रा वजनाच्या किलोमागे ४० युनिट, रॅबिशील्डची ३.३३. लहान मुलाच्या चेहऱ्यावर व हातांवर अनेक चावे असतील, तर इतके थोडे औषध सर्व जखमांना पुरवण्यासाठी ते सलाइनमध्ये किती पातळ करतात? बोटाच्या टोकाशी, जिथे जागाच नसते, तिथे ते किती टोचणे सुरक्षित आहे? आणि विषाणूच्या एकाच जागेला चिकटणारे प्रतिपिंड आपल्याकडील कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या त्याच्या सर्व प्रकारांवर चालते, असे सेविकांना निःशंकपणे सांगता येईल का? श्वानदंश उपचार केंद्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी कृपया सविस्तर लिहावे. चुकीची एक ओळही जिवावर बेतू शकते.