एटीएममधून पैसे आले नाहीत, खात्यातून मात्र गेले: मदत हवी आहे

आईसोबत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर तिच्या पेन्शनचे १०,००० रुपये काढायला गेलो. आत नोटा मोजल्याचा आवाज आला, पण शटर उघडलंच नाही. स्लिप नाही, वर पैसे कापल्याचा मेसेज! तिच्या बँकेने 'व्यवहार यशस्वी' म्हणून तक्रार बंद केली. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत पैसे परत हवेत, नाहीतर पुढे रोज १०० रुपये भरपाई. पण व्यवहारच यशस्वी ठरवला तर दाद कशी मागायची?

सीसीटीव्ही फुटेज आणि मशीनचा जर्नल लॉग (मशीनने केलेली प्रत्येक व्यवहाराची नोंद) लेखी मागून कुणाला मिळालाय का? फुटेज पुसलं जाईल ही धास्ती आहे. बँकेने तक्रार फेटाळल्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) लगेच जाता येतं, की ३० दिवस थांबावं लागतं? आईची औषधं याच पैशांतून येतात, म्हणून घाई आहे.